मादामची स्वारे

पिंपरीत नवा कारखाना उभा राहत होता. त्यासाठी आलेल्या फ्रेंच इंजिनियरच्या बायकोला सगळे मादाम म्हणत. अंबुबाई तिच्याकडे दूध घालायची. एका सकाळी मादाम मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली, "शनिवार, शाम को, स्वारे! आप, घरवाला, दोनों आना."

अंबुबाई रिकामी चरवी घेऊन जवळजवळ पळतच घरी आली.

"आवं, ऐकलं का? मादाम आपल्याला सोयरे म्हनली! शनवारी बलावलंय!"

"गोऱ्या मानसांचं आन् आपलं कसलं सोयरपन?" तिचा नवरा भिमाजी म्हणाला. तरी शनिवारी फेटा बांधताना त्याने तो तीनदा सोडला आणि पुन्हा बांधला.

सोयऱ्यांकडे रिकाम्या हाताने कसं जायचं? अंबुबाईने खण-नारळ घेतला, ओटीचे तांदूळ घेतले. बंगल्यात दिवेच दिवे, ग्रामोफोन वाजतोय, साहेबलोक ग्लास घेऊन उभे! दारातच कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या कुसुमताई भेटल्या. त्या पुण्यात फ्रेंच शिकलेल्या.

"ताई, सोयऱ्यांची ओटी आधी भरू का मागनं?"

कुसुमताईंना उलगडा झाला. "अंबुबाई, सोयरे नव्हे, स्वारे. त्यांच्यात 'स्वार' म्हणजे संध्याकाळ. जुन्या लॅटिनमधून आलाय तो शब्द, तिथं त्याचा अर्थ 'उशिरा'. दिवेलागणीपासून निजेपर्यंतचा सगळा वेळ म्हणजे स्वारे. मग त्या वेळी जमणाऱ्या गाण्या-गप्पांच्या मेळाव्यालाही लोक स्वारेच म्हणू लागले."

"म्हंजी नुसती सांज व्हय?" अंबुबाईचा चेहरा उतरला. नारळ तिने पदराआड घेतला.

तेवढ्यात मादाम आली. काय झालं म्हणून विचारू लागली. कुसुमताईंनी तिला फ्रेंचमध्ये सगळं सांगितलं. सोयरे म्हणजे कोण, तेही. मादामने ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग ती मोठ्याने हसली, गळ्यातला रेशमी रुमाल सोडला आणि दोन्ही हातांवर पसरून अंबुबाईसमोर उभी राहिली.

"सो-य-रे," ती म्हणाली.

अंबुबाईने ओटी भरली. साहेबलोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. कुणीतरी ग्रामोफोन बंद केला आणि मादामने अंबुबाईला गाण्याचा आग्रह धरला. भिमाजी मागून कुजबुजला, "म्हन की! जात्यावर म्हनतीस ती म्हन!"

अंबुबाईने डोळे मिटले आणि ओवी उचलली. पहिली ओळ तिने हळूच म्हटली. दुसरीला आवाज असा मोकळा सुटला की बागेतले खानसामेही खिडकीशी येऊन उभे राहिले.