पहिला घोट

गोजरबाईनं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं, केरसुणी डोक्यावर आडवी धरली आणि कयाधू नदीच्या पाण्यात पाय घातला. माघातलं पाणी पोटरीपर्यंतच होतं, पण असं गार की हाडं कुरकुरायला लागली. पलीकडे बेट उघडंबोडकं पडलं होतं. दोन कडुनिंब, एक बोरीचं झाड आणि मधोमध मिशनचं पांढरं देऊळ.

चैत्रात ईस्टरच्या सणाचा मेळा भरला की या बेटावर पाय ठेवायला जागा नसे. मेळा सरला की कुत्रंही फिरकत नसे. वस्तीची रविवारची भक्ती चिंचेखाली व्हायची. बेटावर बारमाही येणारी एकटी गोजरबाई. पुराचे महिने सोडले तर दर शनिवारी ती यायची, झाडलोट करायची, कपाटातला चांदीचा पेला चिंचेनं घासून पुन्हा कपाटात ठेवायची. कोणी सांगितलं नव्हतं, आणि कोणी सांगितलं असतं तर कदाचित ती आलीही नसती.

वाळूतून चालताना तिला मिशनचा जुना गोरा साहेब आठवायचा. देवळाला गावात कोणी वीतभर जागा दिली नाही, तेव्हा त्यानं हे नदीतलं बेट मिळवलं. “एकाच पाण्यातून सगळे येणार. आता नदीच आपल्याला सोवळं पाळू देणार नाही,” असं तो मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला होता. गावकुसाबाहेरच्या वस्तीतून पहिला बाप्तिस्मा गोजरबाई आणि तिच्या नवऱ्यानं घेतला. पहिल्या प्रभुभोजनाला, ख्रिस्ताच्या नावानं भाकर आणि रस वाटून घेण्याच्या विधीला, साहेबानं मनुकांच्या रसाचा पेला आधी गोजरबाईच्या तोंडाला लावला आणि तिच्यामागून स्वतः प्याला. ते पाहून वस्तीतली बायामाणसं रडली होती. तेव्हापासून रीतच पडली. पहिला घोट गोजरबाईचा, मग तोच पेला साऱ्या मंडळीत फिरायचा. तिचं उष्टं चाळीस माणसं पीत. जगात दुसरीकडे कुठे असं झालं असतं?

आता साहेब राहिला नव्हता. टाळ-वीणा माळ्यावर गेल्या होत्या, त्यांच्या जागी बाजाची पेटी आली होती. नव्याचे नऊ दिवस, असं गोजरबाई म्हणायची, पण पेटीचे नऊ दिवस काही संपत नव्हते. लढाईमुळे रॉकेल मिळत नव्हतं म्हणून संध्याकाळची भक्तीही बंद पडली होती. तरी तिची तक्रार नव्हती, कारण नवा पाळक म्हणजे तिचा संता होता.

संतराम तिच्या पोटचा नव्हता. मानमोडीच्या तापाच्या साथीत गावातल्या एका शेतकऱ्याच्या घरी नवरा-बायको दोन दिवसांत गेले आणि मागे तान्हं पोर राहिलं. त्याच आठवड्यात गोजरबाईचं स्वतःचं लेकरू गेलं होतं, पान्हा मात्र थांबला नव्हता. साहेबानं ते पोर तिच्या पदरात टाकलं. पोराचा सख्खा चुलता व्यंकटराव चांगला जमीनजुमला राखून होता, पण वस्तीतल्या बाईचं दूध प्यालेलं पोर त्यानं उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. संतराम गोजरबाईच्या झोपडीत वाढला, मिशनच्या शाळेत शिकला आणि गेल्या वर्षी पाळक होऊन परत आला.

देवळाचं दार उघडंच होतं. आत संतराम गवतात गुंडाळलेल्या वस्तू खोक्यातून काढत होता. काचेचे बोटभर ग्लास, तीन-चार डझन तरी असतील.

“हे रं काय? बाहुलीचा संसार मांडून राहिलास?”

संतराम दचकला, मग हसला. “प्रभुभोजनासाठी हैदराबादहून मागवले, माय. प्रत्येकाला वेगळा. एकाच्या तोंडचं दुसऱ्यानं पिलं तर रोग पसरतात, असं डाक्टर लोक म्हणतात.”

“व्हय? मग माझ्या छातीला तोंड लावून तू एवढा धडधाकट कसा झालास?”

त्याचे कान लाल झाले. गोजरबाईला मौज वाटली. तिनं एक ग्लास उचलून उजेडात धरला. सुंदर होता. तरी तिचं लक्ष कपाटाकडे गेलं.

“आन् पेला?”

“राहील की कपाटात. माय, एक सांगायचं होतं. सणाला व्यंकटराव काका येणार हायेत. घरच्या सगळ्यांसंगट. बाप्तिस्मा घेऊन राहिलेत.”

गोजरबाई खालीच बसली. व्यंकटरावाचा नातू मिशनच्या दवाखान्यात मरता मरता वाचला, हे तिनं ऐकलं होतं. पण एवढं होईल असं वाटलं नव्हतं. व्यंकटरावाच्या शेतात तिनं उभी हयात निंदणं-खुरपणं केलं होतं. तिथल्या गोठ्यात, भिंतीतल्या कोनाड्यात तिच्यासाठी एक जर्मनचा, अल्युमिनियमचा पेला पालथा ठेवलेला असे. आपणच काढायचा, वरून ओतलेलं पाणी घ्यायचं, आपणच धुऊन पुन्हा पालथा घालायचा. तो माणूस आता या देवळात, तिच्या शेजारी बसणार होता.

“काका म्हणाले,” संतराम अडखळत बोलला, “म्हणाले, तू आमच्या दादाचा पोरगा. उशीर झाला, पण घरी ये.”

त्याचे डोळे भरून आले होते. तेवीस वर्षांचा बाप्या, पण तोंड पुन्हा लेकरासारखं झालं होतं. गोजरबाईनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

“जा की मग. आपल्या माणसांकडे जायला काहून भ्यावं?”

“आन् पहिला घोट तुझाच राहील, माय. ती रीत मी मोडणार न्हाई.”

त्या एका वाक्यावर ती दोन महिने खुशीत होती.

चैत्रात मेळा झाला. व्यंकटरावाच्या घरची माणसं बैलगाडीतून आली, देवळामागच्या डोहात बाप्तिस्मा झाला, त्यांच्यासाठी पुढे नवीन बाक मांडला गेला. वस्तीची माणसं पूर्वीसारखी सतरंजीवर बसली. पाहुणे आहेत, गुडघे दुखत असतील, असं गोजरबाईनं शेजारणीला समजावलं. प्रभुभोजनाची वेळ झाली तसा संतराम ताट घेऊन बाकाला वळसा घालून थेट तिच्यापाशी आला. ताटाच्या कोपऱ्यात एक ग्लास बाकीच्यांपासून बाजूला होता आणि त्याला लाल दोरा बांधलेला होता.

“पहिला तुझा, माय.”

पहिला म्हणून ओळखायला दोरा बांधला असेल, असं तिला वाटलं. पोरानं एवढ्या गर्दीत आठवण ठेवली. रस नरड्याखाली उतरताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाकावरून व्यंकटराव बघत होता. तिनं मान जरा ताठच केली. बघू दे की!

पुढच्या शनिवारी बेट पुन्हा रिकामं झालं. पत्रावळ्या बोरीच्या काट्यांत अडकल्या होत्या, चुलींची राख वाऱ्यानं देवळाच्या पायरीपर्यंत आली होती. पाणी इतकं आटलं होतं की पायही पुरते भिजले नाहीत. गोजरबाईनं पत्रावळ्या वेचल्या, राख झाडली आणि आत गेली.

ग्लासांचं खोकं मेजावर होतं. मेळ्यातली घाई, नीट धुतले असतील की नाही कोण जाणे, म्हणून तिनं झाकण काढलं. ग्लास स्वच्छ होते, ओळीनं लावलेले. लाल दोऱ्याचा मात्र त्यांत नव्हता. तिनं गवत चाचपलं, कपाट पाहिलं. फुटला की काय, या धास्तीनं ती खाली शोधायला वाकली आणि उठताना तिचं लक्ष दाराशेजारच्या भिंतीकडे गेलं.

कोनाड्यात तो ग्लास होता. एकटा. पालथा.

गोजरबाई उभी राहिली. तिला काही वाचता येत नव्हतं, पण हे वाचायला शाळा लागत नव्हती. तिला व्यंकटरावाचा गोठा आठवला, शेणाचा वास आठवला. ज्याला अंगावर पाजून जगवलं, त्यानं आपल्या हातानं तो दोरा बांधला होता. आणि आपण मान ताठ केली होती! ती लाज रागापेक्षा वाईट होती.

तिनं हात वर करून ग्लास काढला. दोरा दातानं तोडला. मग खोकंच उचलून डोहावर नेलं. सगळे ग्लास पाण्यात सोडले, एकेक करून धुतले, पदरानं पुसले आणि हाताला येतील तसे परत लावले. शेवटचा ग्लास ठेवला तेव्हा तिचा कोणता, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

ती देवळात परतली तेव्हा संतराम कुलूप घेऊन आला होता. त्याची नजर आधी कोनाड्याकडे गेली, मग खोक्याकडे.

“माय, इथं एक ग्लास होता.”

“कोणता रं?”

संतराम हातातलं कुलूप फिरवत राहिला.

“धुतले म्या सगळे. त्यातच असंल. कोणता पाहिजे तुला?”

“उद्या चिंचेखाली न्हाई, इथंच प्रभुभोजन हाये,” तो खाली बघत म्हणाला. “काका येणार हायेत. तू त्यांच्या शेतावरची बाई, तुझा तेवढा बाजूला ठेव म्हणाले. त्यांना जरा वेळ लागंल, माय. एकदम न्हाई होत सगळं. हळूहळू होईल बराबर.”

“संता,” तिचा आवाज चढला नाही, “तू माझं दूध पिलास. मग तुलाबी कोनाड्यात पालथं घालायचं व्हय?”

बाहेर बोरीवर होला घुमत होता. गोजरबाई वाट बघत राहिली. लहानपणी काही चुकलं की हा असाच खाली बघत उभा राहायचा आणि मग धावत येऊन कमरेला मिठी मारायचा. तेवढी वाट तिनं पाहिली.

मग तिनं केरसुणी उचलली. पायरी उतरून ती वाळूत आली. कडुनिंबापाशी पोचल्यावर उगाचच, जुन्या सवयीनं, तिनं मागे वळून पाहिलं.

देवळाचं दार सताड उघडं होतं. संतराम खोक्यापाशी बसला होता आणि एकेक ग्लास उचलून, उजेडात धरून, निरखून बघत होता.