गलाईवाल्याची न्याहारी

"जया, ऊठ रं! भाकरी फुगलीया बघ, निवायच्या आत ये."

आईची, मनुबाईची, ही हाक आता किती वर्षांमागची. खरं तर तेव्हा हाकेची गरजही नसायची. चुलीवरच्या ज्वारीच्या भाकरीचा वास माजघर ओलांडून वाकळेत शिरायचा आणि जयराजला नाकाला धरून चुलीपाशी आणून बसवायचा. पापुद्रा सोलायचा, आत लसूण घालून कुटलेली शेंगदाण्याची चटणी भरायची, वर तेलाची धार. बोटं चाटत तो म्हणायचा, "आये, आजून येक." आई लटकं रागवायची, "पोट हाय का कणगी रं?" आणि दुसरी भाकरी थापायला घ्यायची.

बारावीत गचकला तसा मामा, नानासो, त्याला मदुराईला घेऊन गेला. विट्याकडच्या कितीतरी गावांतली पोरं अशीच जातात, सोनं गाळायच्या दुकानात. गलाईला गेला म्हणतात. पुढं गल्ला, मागं भट्टी, वर माळ्यावर अंथरूण. मामाचं दुकान एवढंच.

पहिल्या वर्षी इडली त्याच्या घशाखाली उतरेना.

"कापूस खाल्ल्यागत वाटतंय, मामा."

"खा लेका. वर्सभरात ह्योच कापूस मागून खाशील."

गावाकडून कुणी आलं की आई चटणीचा डबा धाडायची. तो ती पुरवून पुरवून खायचा. कधीकधी तर खायचाच नाही. झाकण उघडून नाक आत घालायचं आणि चुलीपाशी जाऊन यायचं. झाकण लावलं की पुन्हा मदुराई.

मामाचं बोलणं खरं झालं. इडली आवडायला लागली, मग पोंगल, मग स्टीलच्या पेल्यातली फेसाळ कॉफी. जत्रेला गावी आला नि सकाळी उठून कॉफी मागितली, तशी आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आता आमची भाकर रुतती व्हय रं घशात, मद्राशा?" हसले सगळे. न्याहारी उरकून त्यानं बादलीत हात धुतले आणि आई ती ओतायला निघाली, तर धावत जाऊन अडवली. दुकानात हात धुतलेलं पाणी कुणी टाकत नाही. सोन्याचे कण तळाशी बसतात, झाडलोटीची धूळसुद्धा पोत्यात भरून ठेवतात. "आरं येड्या, हितं कुठलं सोनं? चटणीचं त्याल हाय ते!" आईनं पाणी जास्वंदीला ओतलं.

मग मामानं त्याला ॲसिडच्या भांड्यापाशी बसवलं. सोन्यातली भेसळ जळताना भांड्यातून तांबूस धूर उठतो. तोंडाला फडकं बांधायचं, पंखा लावायचा आणि खोकत राहायचं. आधी गल्लीतल्या मोगऱ्याचा वास गेला. त्याला वाटलं, सर्दी असेल. मग कॉफी नुसती कढत लागू लागली. एका सकाळी आईचा डबा आला, त्यानं झाकण उघडून नाक आत घातलं, आणि काहीच नाही. चिमूट तोंडात टाकली. दातांखाली दाणा फुटला, जीभ पोळली, बस्स. चूल नाही, वाकळ नाही, हाक नाही.

तेव्हापासून तो न्याहारीला हिरव्या मिरच्या खायला लागला, कराकरा. निदान काहीतरी तोंडात असल्याचं कळायचं. पुढं तेही सुटलं. भट्टीपाशी उभ्यानं चहात बन बुडवायचा आणि गिळायचा.

एका जत्रेला मित्राकडं जातो म्हणून तो एसटीनं साताऱ्याला गेला. विट्यात डॉक्टरच्या दारात चार ओळखीचे भेटले असते. साताऱ्याच्या डॉक्टरनं नाकात उजेड पाडला, बाटल्या हुंगायला दिल्या आणि चष्मा काढून ठेवला. "आतल्या नसा जळल्यात. परत येईल असं मी सांगणार नाही तुम्हाला."

घरी तो बोलला नाही. बोलणार कसा? आई आधीच म्हणायला लागली होती, "माझ्या हाताला चव ऱ्हायली न्हाई वाटतं. पोरगं नुसतं गिळतंय." मग तो जास्तच मोठ्यानं म्हणायचा, "लय भारी झालंय, आये!" जास्त मागून घ्यायचा. म्हणताना आपला आवाज त्याला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटायचा.

यंदाची जत्रा सरली आणि धाकट्या शंभूराजचं मामाबरोबर मदुराईला जायचं ठरलं. भरतीत दोनदा हुकलेला, शेत दोघांना पुरणारं नाही. आईनं हौसेनं त्याला नवी पिशवी घेतली. जयराज रोज ठरवायचा, आज सांगायचं. पण सांगायचं तर आईला सगळंच कळणार; तो चुलीपाशी खोटं बोलत बसला होता, हेही.

"दादा, तिथं न्याहारीला काय असतंय रं?"

"इडली."

"भारीच की!"

निघायच्या सकाळी तिघं जण पाटावर बसले. नानासोनं पहिलाच घास घेऊन मान डोलवली. "आक्का, चटणी म्हंजे तुज्या हातची! मदुराईच्या समद्या हाटेलवाल्यांनी हितं येऊन पानी भरावं." दर वर्षी हेच, याच शब्दांत. जयराजनं भाकरीच्या तुकड्यानं ताट पुसून खाल्लं. शंभूनं आत्ता कुठं पहिला घास तोंडात घातला आणि थुंकला.

"आये, खवट हाय की समदी!"

मनुबाईनं बोटावर घेऊन जिभेला लावली. तिचं तोंड कडवट झालं. "आगं बया... डब्याच्या बुडाचं जुनं शेंगदाणं आलं जनू. घाईत कुटली." मग तिची नजर वर आली, जयराजच्या लख्ख ताटावर थांबली. "जया? तू कशी खाल्लीस रं?"

बाहेर जीपवाल्यानं हॉर्न वाजवला.

"मला कळत न्हाई, आये," जयराज म्हणाला. "वास न्हाई, चव न्हाई. लय दीस झालं. त्या धुरानं गेली. डाक्तर म्हनला, येत न्हाई परत." आणि धाकट्याकडं वळून, "शंभ्या, तू जाऊ नको."

शंभूनं पिशवीकडं पाहिलं, मग दादाकडं. "आन् हितं काय करू, दादा?"

हॉर्न पुन्हा वाजला. मनुबाई थोरल्याच्या तोंडाकडं बघत राहिली, आणि मग सावकाश भावाकडं वळली. त्याच्याही ताटात चटणीचा कण उरला नव्हता.

"नाना, तू तर आत्ता वाखाणलीस."

नानासोचा हात ताटातच राहिला. पदर धरून हिच्यामागं फिरलेला तो धाकटा भाऊ. पिकल्या मिशांसकट त्यानं मान खाली घातली.

"आक्का," तो म्हणाला, "जया पाळण्यात हुता, तवाच माजी गेली."