पाचवं घर, आणि मला पुसण्याबाबत

मित्रांनो, उज्वला साळुंखेला पीएचडी मिळाली.

हे वाक्य मी आता पुसलं आहे. तुम्ही ते वाचलेलं नाही. पुसलं जाणं हे माझं जन्मजात काम, आणि गेली नऊ वर्षं ते मला कुणी करू दिलेलं नाही, म्हणून एकदा हौस भागवून घेतली. आता सुरुवातीपासून सांगतो.

मी एक जुना पांढरा फळा आहे. सहा फूट बाय चार फूट, कडेला ॲल्युमिनियमची पट्टी. माझा जन्म तुर्भ्याच्या एका शेडमध्ये झाला. त्या दिवशी माझ्यासोबत चाळीस भावंडं जन्मली. त्यांतला एक म्हणे तळवलीच्या बालवाडीत आहे. त्याच्यावर रोज हत्ती काढतात आणि रोज पुसतात. मला त्याचा हेवा वाटतो, लपवून काय उपयोग.

माझी नेमणूक सानपाड्यातल्या एका मॅनेजमेंट कॉलेजात झाली, डॉ. राजवर्धन सरांच्या केबिनमध्ये. सर पीएचडीचे गाइड. त्यांचा विषय स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट, म्हणजे संस्था पुढचा विचार कसा करतात आणि तो फसला की त्याला काय म्हणायचं, याचं शास्त्र. पहिलं वर्ष सुखाचं गेलं. सर लिहायचे, मालतीबाई पुसायच्या. मालतीबाई म्हणजे कॉलेजातल्या मावशी. त्यांनी पुसल्यावर मला कालचं काहीसुद्धा आठवायचं नाही. असं आयुष्य सगळ्यांना मिळो.

मग एका मंगळवारी सर फोनवर फर्निचरवाल्याशी बोलत होते. त्यांनी नवीन टू बीएचके घेतला होता. बोलता बोलता हाताला लागला तो मार्कर उचलून ते माझ्यावर नकाशा काढायला लागले. एक मोठा चौकोन, त्यात चार घरं: हॉल, किचन, दोन बेडरूम. नावं लिहिली नाहीत, ती त्यांना पाठ होती. किचनमधून बाहेर जाणारा एक बाण काढला. तो एक्झॉस्ट फॅन. मार्कर मात्र पर्मनंट होता, कुरियरच्या पाकिटांवर पत्ते लिहायचा.

फोन ठेवला तोच चार विद्यार्थी आत आले. एकाने अदबीने विचारलं, "सर, हे कोणतं मॅट्रिक्स?"

सरांनी डस्टर फिरवलं. काही गेलं नाही. जोर लावून फिरवलं. मग डस्टर खाली ठेवून ते म्हणाले, "हेच तर समजून घ्यायचंय."

त्या दिवसापासून आडव्या रेषेवर ताकद आली आणि उभ्या रेषेवर नियोजन आलं. ज्यांच्याकडे दोन्ही भरपूर, ते वरच्या उजव्या घरात, म्हणजे मास्टर बेडरूममध्ये. ज्यांच्याकडे दोन्ही नाही, ते खालच्या डाव्या घरात, म्हणजे किचनमध्ये. किचनचा बाण बाहेर जातो, म्हणून त्या घराचा अर्थ ठरला: काढून टाका. मालतीबाईंनी एकदा स्पिरिटचा बोळा लावून बघितला. मधल्या रेषेचा बोटभर तुकडा गेला आणि तेवढ्यात सर आले. ते फार रागावले. पुढे त्या फटीवर एका विद्यार्थ्याने तीस पानांचं प्रकरण लिहिलं. विभागांमधल्या झिरपत्या सीमा, असं काहीतरी. तो आता स्वतः गाइड आहे.

उज्वला आली ती या सगळ्यानंतर. तिचे वडील बाबासो वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी, मूळचे साताऱ्याकडचे. अठरा जणांची त्यांची टोळी कागदावर एक ओळ न लिहिता रोज ट्रकच्या ट्रक कसे रिकामे करते, हा तिचा विषय. या टोळीत कमळाकर नावाचा एक माणूस आहे. त्याचा मणका गेल्याला अकरा वर्षं झाली. तो एकही पोतं उचलत नाही. ट्रकच्या मागच्या फाळक्याशी उभा राहतो, पोत्याला हात लावतो आणि सांगतो, हे ओलं आहे, जड जाणार, तरण्या पाठीवर द्या. याची शिवण सुटणार, खालून धरा. हे काम त्याला कुणी दिलं नाही आणि कुणी काढूनही घेतलं नाही. उज्वलाचं म्हणणं एवढंच, की जगभरच्या पुस्तकांत ज्याला स्ट्रॅटेजी म्हणतात ती इथे फाळक्याला टेकून उभी आहे.

सरांनी पहिल्या वर्षी सांगितलं, स्पर्धेची थिअरी घे. दुसऱ्या वर्षी, स्पर्धा जुनी झाली, संसाधनांची घे. चौथ्या वर्षी, आता क्षमतांचं चाललंय. दुसरं प्रकरण तिने सात वेळा लिहिलं. प्रत्येक वेळी माझ्यासमोर उभं राहून वाचून दाखवलं. मला ते पाठ झालं, सरांना झालं नाही. नोंदणीची मुदत सहा वर्षांची. गाइडच्या सहीने प्रबंध जमा झाला नाही की नोंदणी रद्द.

तीन दिवस उरले होते तेव्हा ती वडिलांना घेऊन आली. बाबासोंनी प्रबंधाच्या तीन प्रती सुतळीने बांधून खांद्यावर आणल्या होत्या. पिशवीत मावल्या असत्या, पण वजन हातात धरायची त्यांना सवय नाही. ते खुर्चीच्या अगदी कडेवर टेकले.

सरांनी पानं चाळली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "या कमळाकरची ताकद किती?"

"नाहीच सर. मणका गेलाय."

"लिखित नियोजन?"

"काहीच नाही."

"मग खालचं डावं घर. शिफारस, काढून टाका. एवढं एक वाक्य घाल, मी सही करतो."

उज्वलाने माझ्यावरचं खालचं डावं घर बघितलं. सहा वर्षं एका बाजूला आणि एक वाक्य एका बाजूला. शिवाय तिने टोळीला शब्द दिला होता, प्रबंध झाला की सगळ्यांसमोर वाचून दाखवीन. कमळाकर पुढेच बसणार होता.

बाबासो म्हणाले, "सायेब, त्याला काढल्यावर गाडी खाली कोन करनार?"

"पण तो पोती उचलत नाही ना?"

"न्हाय. कुनी कुठलं उचलायचं ते त्योच सांगतो."

"हे लिहिलंय कुठे?"

"लिव्हायचं काय त्यात. आमाला ठावं हाय की."

सरांनी थकलेल्या आवाजात सांगितलं की 'आमाला ठावं हाय' हा संदर्भ चालत नाही, आणि ते चहाला गेले.

उज्वलाने पेनस्टँडमधून तो पर्मनंट मार्कर उचलला. चौकोनाच्या बाहेर, उजव्या भिंतीला लागून तिने एक पाचवं घर काढलं आणि त्यात लिहिलं: कमळाकर. मला गुदगुल्या झाल्या. इतक्या वर्षांत माझ्यावर एका माणसाचं नाव पहिल्यांदाच पडत होतं.

"सायबाच्या फळ्यावर गं?" बाबासो पुटपुटले.

"आबा, इथं जे पुसलं जात नाही ते खरं असतं."

सर परत आले. त्यांनी डस्टर फिरवलं. काही गेलं नाही. दोन पावलं मागे जाऊन ते माझ्याकडे बघत राहिले. चेहरा हळूहळू मऊ झाला.

"बाल्कनी," ते म्हणाले.

"काय सर?"

"काही नाही. बिल्डरने दिलीच नव्हती."

आणि त्यांनी तिन्ही प्रतींवर सही केली. हे चित्र प्रबंधात घाल आणि मूळ चौकट माझी आहे, एवढं प्रस्तावनेत टाक, म्हणाले.

पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी पाचव्या घराचं तासभर कौतुक केलं. प्रश्न पाचव्या घराचा नसून चारही घरं चुकीची आहेत, असं उज्वला दोनदा म्हणाली. त्यांनी शेऱ्यात 'विद्यार्थिनी नम्र आहे' असं लिहिलं. पेढे द्यायला आली तेव्हा तिने मालतीबाईंना सांगितलं, की मार्केटात तिने प्रबंध वाचला, टोळीने टाळ्या वाजवल्या, आणि कमळाकरने चित्र नीट बघून एकच विचारलं, "समद्यांची घरं आत, माझंच भाईर का गं?" ते बाहेरचं घर अजून माझ्या अंगावरच आहे.

आता चंद्रशेखर नावाचा विद्यार्थी आलाय. दिवाळे गावच्या कोळ्यांच्या होड्यांवर प्रबंध लिहितो. सरांनी विचारलं, पाचव्या घरात कोण? तो म्हणाला, कुणी नाही. सर म्हणाले, रिकामं चालणार नाही. चार महिने तो बिचारा होडीहोडीवर मणका गेलेला माणूस शोधत फिरतोय.

वास्तविक उपाय सोपा आहे. पर्मनंट रेषेवर साधा मार्कर फिरवायचा आणि लगेच पुसायचं, दोन्ही जातात. मालतीबाईंना हे केव्हाचं माहीत आहे. गेल्या आठवड्यात त्यांनी सांगूनही पाहिलं. सर म्हणाले, "मावशी, थिअरीला हात लावू नका."

मित्रांनो, तुमच्या वर्गातला फळा रोज पुसत जा. बरोबर असेल तरी पुसा. उद्या पुन्हा लिहिता येतं. माझं मात्र अर्जावर येऊन ठेपलं आहे.

प्रति, मा. प्राचार्य.
विषय: मला पुसण्याबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, अर्जदार नऊ वर्षांपासून एक टू बीएचके अंगावर वागवीत आहे. तरी अर्जदारास एक साधा मार्कर, एक बोळा व मालतीबाई यांची दहा मिनिटे मंजूर करण्यात यावीत. पाचही घरांच्या रेषा पुसण्यात याव्यात. 'कमळाकर' हे नाव मात्र आहे तिथेच राहू द्यावे, ही विनंती.

सोबत: गाइडची शिफारस (प्रतीक्षेत).