नुब्राच्या वाळूतला बिनफळाचा म्हातारा

मी सीबकथॉर्नचं एक जुनं झुडूप आहे. माझी हकिगत तुम्हाला खरी वाटणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. खुद्द मलाही ती दर वेळी थोडी वेगळीच आठवते. लडाखमध्ये नुब्रा नदीच्या काठी, वाळूत मी उभा आहे. अंगभर काटे, आणि फळ म्हणाल तर जन्मात एकही नाही. आमच्यात नर वेगळे, माद्या वेगळ्या. ती नारिंगी, जीभ आंबवणारी फळं लागतात माद्यांना. मी नर. म्हणूनच, मित्रांनो, कुऱ्हाड नुसती दिसली तरी मला मुळापर्यंत कापरं भरतं.

कुठल्याशा पाखराने माझं बी इथे टाकलं. लहानपणी मला उंटांनी ओरबाडलं. दोन वशिंडांचे उंट इथले, काट्यालाही जुमानत नाहीत. त्यांतल्या एका म्हाताऱ्याची दोन्ही वशिंडं चिंधीसारखी लोंबत होती. त्याने माझा पाला खाल्ला, आणि आठवड्यात ती अशी ताठ उभी राहिली की मालकाला वर चढायला शिडी लागली. विचारा कुणालाही! तो उंट मात्र आता हयात नाही.

शरदातल्या गारठ्यात, सकाळी सकाळी गावच्या बायका येतात. माद्यांखाली चादरी अंथरतात आणि फांद्या काठीने झोडतात. गारठलेली फळं टपाटप पडतात. त्या फळांचं तेल निघतं, ते कॅप्सूलमध्ये भरलं जातं. इथलं ऊन असं की तिशीतला गाल पन्नाशीचा दिसतो. कातडी अशी अकाली म्हातारी होऊ नये म्हणून रोज एक कॅप्सूल खारट चहाबरोबर गिळायची, असं या बायकांचं म्हणणं. त्यांच्या गटाची कारभारीण आबी कुन्झेस. आबी म्हणजे आजी, मानाने हाक मारायची तर आबी-ले.

"ही गोळी पोटातून टोपी घालते," आबी एकदा ऐटीत म्हणाली.

"पोटाला टोपी झाली, आबी-ले," शेजारीण स्पाल्झेस म्हणाली, "नाकाला कोण घालणार? उन्हाने सोललेल्या बटाट्यासारखं झालंय ते!"

सगळ्या खिदळल्या. आबीने रुमाल नाकावर ओढला. तेव्हापासून ती गोळीही घेते आणि टोपीही घालते. परिणाम काय? गोम्पाच्या, म्हणजे मठाच्या, जत्रेत लोक तिला तिच्याच सुनेची, चोरोलची, धाकटी बहीण समजले!

आणि हे सगळं कुणाच्या जिवावर? वसंतात आम्हा नरांच्या अंगावरची पिवळी धूळ वाऱ्याने उडते, माद्यांवर बसते, तेव्हा कुठे त्यांना फळ धरतं. पण बायकांना दिसायचा तो नुसता काटा. शेळ्या शेतात उतरू नयेत म्हणून इथे दगडी भिंतींवर काटेरी फांद्या रचतात. फळवालं झाड त्यासाठी कोण तोडणार?

"हे आयतखाऊ पाणी पितात आणि देत काही नाहीत," आबी म्हणाली, आणि एका शरदात माझे सगळे भाऊ भिंतीवर गेले. शेळ्या थांबल्या. भिंतीचं गावभर कौतुक झालं. मी वाचलो तो एवढ्यासाठीच, की माझ्या बुंध्याला आबीचा झो बांधला होता. याक आणि गाईचं ते आडमुठं पोर जागचं हलेना.

पुढच्या शरदात चादरी अंथरल्या. बायकांनी झोड झोड झोडलं, पण पडली ती पानंच. माझ्या भोवतीच्या दोन-चार झुडपांना काय ते दाणे होते.

"नजर लागली कुणाची तरी," स्पाल्झेस म्हणाली.

"नजर कसली? हा मेला पाणी पितोय सगळ्यांचं," आबीने माझ्याकडे बोट केलं. "काढा यालाही. भिंतीला खिंडार पडलंच आहे."

तिने स्वतःच कुऱ्हाड उचलली. मित्रांनो, आता नीट ऐका. मी फांद्या पसरल्या आणि माणसाच्या आवाजात गरजलो, "थांबा! मी गेलो तर तुमच्या गोळ्याही गेल्या!" डोंगरावरचा बर्फ कोसळला. नदी क्षणभर उलटी वाहिली. आबीच्या हातातली कुऱ्हाड गळून पडली. तिने माझ्या फांदीला पांढरा खताग बांधला, लामांना मानाने घालतात ना, तोच रेशमी पट्टा, आणि मला जन्मभराचं अभय दिलं. म्हणून माझी तुम्हाला एकच विनवणी आहे. ज्याच्या अंगावर फळ दिसत नाही, त्यालाही जपा, कारण...

"खोटं!"

पलीकडची कोवळी मादी ओरडली. गेल्या शरदात तिच्या अंगावर एक दाणा नव्हता.

"साफ खोटं, मेमे-ले! आजोबा म्हणून इतका वेळ ऐकून घेतलं. तुमच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, नुसती पानं गळत होती भीतीने. आडवी आली ती आबीची सून, चोरोल. 'दाणे कुठे धरलेत ते बघा तरी, आबी-ले, याच्याच भोवती!' असं म्हणत तिने तुम्हाला कवेत घेतलं. तुमच्या काट्यांनी हात रक्ताळले तिचे. आणि अभय कसलं? आबी तिला म्हणाली, 'एक वर्ष देते. येत्या शरदात चादरी भरल्या नाहीत, तर हा भिंतीवर आणि तू गटाबाहेर.'"

"अगं, ते मी सांगणारच..."

"वसंताचा वारा सुटलाय, मेमे-ले! तोंड मिटा आणि हला!"