मुसळ दुसऱ्या दिवशीही उभं राहिलं

मी एक जुनी पितळी परात आहे. जुनी म्हटलं म्हणून नाकं मुरडू नका, मित्रांनो. राधानगरीकडचं एक अख्खं घर माझ्यात मळलेल्या पिठावर पोसलंय. तांबटानं ठोकून ठोकून मला घडवलं आणि चिमणाबाईंच्या लग्नात मी त्यांच्याबरोबर सासरी आले. पुढं स्टीलचं कौतुक सुरू झालं, मी माळ्यावर गेले. असो.

त्या घरी ग्रहण लागलं की माझ्यात पाणी भरून मुसळ उभं करायची रीत होती. ग्रहणातच ते आधाराशिवाय उभं राहतं, असं चिमणाबाईंची सासू सांगायची आणि सगळं घर हात जोडायचं. एकदा ग्रहणाच्या दुसऱ्या दिवशी सासू रानात गेली, तशी चिमणाबाईंनी पुन्हा पाणी भरलं, मुसळ ठेवलं. राहिलं की उभं! त्यांनी लेकीला, संयोगिताला, हाक मारली.

"बघ गं, आज कुठलं गिराण? तरी बी हुबं हाय. आज्जीला सांगशील तर तंगडं मोडीन."

ती पोर आज कोल्हापुरात खगोलशास्त्राची प्राध्यापिका आहे. परवा नव्या मुलांना आपली ओळख करून द्यायची म्हणून तिनं मला वर्गात नेलं. लेक आज आईचं नाव घेणार म्हणून चिमणाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून मागच्या बाकावर बसल्या होत्या.

संयोगितानं माझ्यात पाणी भरलं, मुसळ ठेवलं. ग्रहण नसतानाही ते उभं राहिलं. मुलं हसली.

"आमच्या घरी सगळे याला हात जोडायचे," संयोगिता म्हणाली. "मी मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवून बघितलं. तो माझा पहिला प्रयोग."

टाळ्या पडल्या. एरवी चमचा लागला तरी खणखणते मी. तेव्हा मात्र पाणी पोटात घेऊन गप्प राहिले.

प्रियदर्शनी नावाची एक आगाऊ पोरगी मागं वळली. "आज्जी, तुम्हीपण हात जोडायचा?"

संयोगिताचा चेहरा उतरला. चिमणाबाईंनी लेकीकडं एकदा बघितलं.

"व्हय की. आमा अडाण्यास्नी काय कळतंय? पोरगीच हुशार."

वर्ग रिकामा झाल्यावर संयोगिता मला उचलायला वाकली. "आई, बोलता बोलता माझ्या तोंडून…"

"सोड ती परात. साडी भिजंल तुझी."

आणि चिमणाबाईंनी पाणी ओतून मला तशीच ओली काखोटीला मारलं.

जुन्या भांड्यांना जपा, असं सांगायचं होतं मला. ते राहू द्या, मित्रांनो. तुमच्यासाठी घरात कुणी गप्प बसलं असेल, तर तिचं नाव भर वर्गात घ्या. वर्ग सुटल्यावर घेतलेलं तिला नको असतं.