चहात बुडवलेला विग

मी काचेच्या पेटीतून बोलतोय, त्यामुळे आवाज जरा दबका येईल. सांभाळून घ्या.

मी एक विग आहे, वकिलाचा. घोड्याच्या शेपटीचे केस, कडेनं गुंडाळ्या, मागे दोन बारक्या वेण्या, आणि रंग तंबाखू खाणाऱ्याच्या दातांसारखा. माझ्यावर एक छोटा दिवा सोडलाय. पेटीखाली पितळी पाटी आहे, ‘एनुगुच्या न्यायपरंपरेचा वारसा’. येणारे-जाणारे वाकून बघतात. रिसेप्शनवरची मुलगी त्यांना पाठ केल्यासारखं सांगते, “चीफ इलोन्झेसरांच्या आयुष्यभराच्या घामानं हा रंग आलाय.”

खोटं आहे ते. हा रंग चहाचा आहे.

त्याचं असं झालं. इंग्रज नायजेरियातून गेले तेव्हा झेंडा घेऊन गेले आणि आम्हाला मागे ठेवून गेले. तेव्हापासून इथले वकील भर उन्हात काळा झगा घालतात, डोक्यावर घोडा घेतात, आणि यात हसण्यासारखं काही आहे असं अजून एकालाही वाटलेलं नाही. त्यातही विग पांढराशुभ्र असला की वकील कोवळा समजायचा. पिवळा पडला, केस झडले, की मुरलेला. कोर्टात बोलायची पाळीसुद्धा ज्येष्ठतेनं येते. जुना आधी बोलतो, नवा दुपारपर्यंत घाम पुसत बसतो.

इग्नेशियस इलोन्झेला बसायचं नव्हतं. सनद मिळाल्याच्या आठवड्यातच त्यानं मला आईच्या किटलीत कडक काळ्या चहात बुडवलं. मग मासे धुरावर वाळवतात त्या जाळीवर टांगलं. वरून दोन दिवस माझ्यावर बसला. कोर्टात गेला तेव्हा न्यायमूर्तींनी माझ्याकडे बघून त्याला म्हाताऱ्यांच्या आधी बोलू दिलं. शेजारच्या वकिलाला सुक्या माशाचा वास आला असेल, पण ज्येष्ठ माणसाच्या डोक्याचा वास येतोय हे म्हणणार कोण?

एवढ्यावर त्याचं आयुष्य निघालं. पुढं गावानं चीफ ही मानाची पदवी दिली, पोट सुटलं, औषधांच्या दुकानावरच्या माडीवर ऑफिस झालं. ऑफिसात पक्षकार आला की आधी पाहुणचाराची कोलाची बी फोडायची, देवापितरांना हाक मारायची, मिरपूडवाल्या रश्शाचा वाडगा संपवायचा आणि मग, वेळ उरला तर, केसबद्दल बोलायचं. पक्षकारांना ते आवडायचं, मी नाही म्हणत नाही. आपल्या भाषेत आपल्या आजीची चौकशी करणारा वकील कोणाला नको असतो?

पण कोर्टात काय चालायचं ते मी वरून बघत होतो. गावातल्या वकिलांचा आपसात एक रिवाज होता. एकानं पुढची तारीख मागितली की दुसऱ्यानं हरकत घ्यायची नाही. आज मी तुला, उद्या तू मला. कोणाकडे मर्तिक आहे, कोणाकडे नव्या यामकंदाचा सण आहे, कोणाचं पोट बिघडलंय. तारीख पडली की दोघं मिळून पाम वाइन प्यायला. यालाच ते बंधुभाव म्हणायचे. बंधू सुखात होते. पक्षकार म्हातारे होत होते.

कापडगल्लीची केस त्यातलीच. मोठ्या बाजारातली ही गल्ली बायकांची. त्यांच्या आयांनी पदरमोड करून दुकानं उभारली, त्यांनी चालवली. एका बिल्डरला तिथं मॉल हवा होता. बायका कोर्टात गेल्या, पाडकामाला मनाई मिळाली आणि मग तारखा सुरू झाल्या. बिल्डरचा वकील चीफचा पाम वाइनवाला दोस्त. न्ने ओयिरी ही गल्लीची म्होरकी. न्ने म्हणजे आई, सगळा बाजार तिला तेच म्हणतो. ती दर वेळी विचारायची, “चीफ, झाली का केस?” आणि चीफ म्हणायचे, “न्ने, मनाई आहे ना? मग झोप सुखानं.”

चीफच्या हाताखाली पाच ज्युनियर होते. त्यांचं काम चीफची बॅग उचलायची, मागे उभं राहायचं आणि तोंड उघडायचं नाही. सोमकेने नावाची मुलगी त्यातली एक. कापडगल्लीचा कागदन् कागद तिनं लिहिलेला. सही चीफची. तिच्याकडे स्वतःचा विगही नव्हता, ओबुम नावाच्या दुसऱ्या ज्युनियरचा एकच विग दोघं आलटून पालटून घालायचे. तसंही बोलायचं नसलं की अर्ध्या विगात भागतं.

मग लागोसवाले आले.

लागोसच्या एका बड्या फर्मनं आमच्या गावात शाखा काढली. काचेची चार मजली इमारत, न थांबणारा जनरेटर, दारात येणाऱ्याच्या गळ्यात ओळखपत्राचा पट्टा अडकवणारा पहारेकरी. तिथं आजीची चौकशी होत नव्हती, घड्याळ लावून सल्ला मिळत होता. वकील संघाच्या बैठकीत चीफ मला न काढताच उभे राहिले आणि अर्धा तास बोलले. “हे टोळ आहेत टोळ. आपली पोरं पळवतायत. आपले पक्षकार पळवतायत. आपली संस्कृती चाललीय.” टाळ्या पडल्या. म्हाताऱ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. कुणीही, मी पुन्हा सांगतो, कुणीही विचारलं नाही की पोरं का जातायत.

मला माहीत होतं. तिथं त्यांना बसायला खुर्ची मिळत होती आणि कोर्टात बोलायला. चीफ म्हणायचे, पोरं पळवली. पोरं पळाली होती. आधी दोघं गेले, मग तिसरा, मग ओबुम, आणि जाताना विग घेऊन गेला कारण तो त्याचा होता. सोमकेने राहिली.

“तू का नाही जात?” ओबुमनं तिला जिन्यात विचारलं.

“बिल्डरनं वकील बदललाय. आता तुम्ही त्याचे वकील. मी तिकडे आले तर न्ने ओयिरीला काय सांगू? की कापड गुंडाळ?”

“चीफ आहेत की.”

“हो,” सोमकेने म्हणाली. “चीफ आहेत.” आणि दोघंही हसले.

पुढच्या तारखेला चीफना कोणाच्या तरी मर्तिकाला जायचं होतं. आमच्याकडे मर्तिक म्हणजे मंडप, वाजंत्री आणि दोन बैल, ते चुकवून चालत नाही. ते तिला म्हणाले, “तू फक्त तारीख माग. दुसरा शब्द बोलू नकोस.”

“सर, समोर लागोसवाले आहेत. हरकत घेतील.”

“हरकत?” चीफना तो शब्दच नवा होता. “अगं पोरी, मी तिथं उठबस केलीय तेव्हा त्यांचे बाप चड्डीत होते. इलोन्झेला तारीख नाही म्हणणारा अजून जन्मायचाय.”

तो जन्मलेला होता. त्याचं नाव फातुंडे. लागोस फर्मचा मोठा भागीदार, सोबत पाच जण, सगळ्यांच्या डोक्यावर पांढरेशुभ्र विग, बगळ्यांची रांगच. त्यात शेवटी ओबुम, खाली मान घालून. मागच्या बाकांवर कापडगल्लीच्या बायका, डोक्याला फडकी बांधलेल्या, हातात केळीच्या पानात वाफवलेला ओक्पा, डाळीच्या पिठाचा.

केस पुकारली. सोमकेने उभी राहिली. तिचं डोकं उघडं.

न्यायमूर्ती नवे होते, बदलून आलेले. तिच्याकडे सरळ बघत म्हणाले, “मला समोर कोणी दिसत नाही.”

कोर्टाची ही पद्धतच आहे. वेश पुरा नसेल तर वकील न्यायमूर्तींना दिसत नाही. पण बायकांना हे कुठं माहीत? मागून एक आवाज आला, “अगं बाई, आंधळा दिला की काय आपल्याला? ही काय उभी आहे धडधडीत.”

सोमकेनेनं चीफची बॅग उघडली. सवयीनं उचलून आणली होती. माझा डबा काढला, मला बाहेर काढलं आणि घातलं. चीफखेरीज दुसऱ्या डोक्यावर मी कधी गेलो नव्हतो. तिच्या वेण्यांवर मी नीट बसेना, एका भुवईवर उतरलो.

“आता दिसताय,” न्यायमूर्ती म्हणाले. “चीफ इलोन्झे कुठं आहेत?”

“मर्तिकाला, मिलॉर्ड.”

“म्हणजे तारीख हवी.”

फातुंडे लगेच उठला. आवाज मऊ, लोण्यासारखा. “आमची हरकत आहे, मिलॉर्ड. ही केस म्हणजे गावातल्या वकिलांची भिशी झालीय. दर वेळी एक जण तारीख उचलतो. चालवायची असेल तर आज चालवा. नाहीतर केस काढून टाका आणि मनाई उठवा.”

खरं सांगतो, त्याचं एक अक्षरही चूक नव्हतं. तोच तर संताप होता. केस काढून टाकली की संध्याकाळी गल्लीत बुलडोझर. आणि तिच्या तोंडी चीफनी घालून दिलेलं वाक्य एकच होतं, ते फातुंडेनं आधीच मोडून टाकलेलं.

तिच्या कपाळावरून घाम माझ्यात उतरत होता. चहा सोडला तर माझ्यात मुरलेली पहिली खरी गोष्ट तीच.

“मिलॉर्ड,” ती म्हणाली, “तारीख नको. मी तयार आहे. माझी साक्षीदार मागे बसलीय, ओक्पा खातेय. तेवढा संपला की बोलवते.”

न्यायमूर्तींनी पेन खाली ठेवलं. फातुंडेनं मागे वळून ओबुमकडे बघितलं. ओबुम छताकडे बघत होता.

न्ने ओयिरी पिंजऱ्यात आली. सोमकेनेनं तिला एकेक करून विचारलं. दुकान कोणी बांधलं, भाडं कोण भरतं, पाडा म्हणून सांगायला कोण आलं होतं, काय म्हणालं. मग फातुंडे उठला. “बाई, तुम्ही तिथं इतकी वर्षं आहात याला आधार काय?”

“माझा जन्म त्या दुकानाच्या फळीवर झाला. बाळा, तू तेव्हा कुठं होतास?”

“मी प्रश्न विचारतोय, बाई.”

“विचार की. पण उभं राहून दमशील. तुमचे इतके लोक आहेत, एखाद्याला तरी खुर्ची आणायला सांग.”

कोर्ट हसलं. फातुंडेनं मग नीट, कसून विचारलं. तो काही बावळट नव्हता. सोमकेने दोनदा अडखळली, एकदा मी तिच्या डोळ्यांवर आलो आणि तिनं मला तळहातानं मागे ढकललं, जसं शेळीला ढकलतात. पण शेवटी न्यायमूर्ती म्हणाले, केस जिवंत आहे, मनाई राहील, पुढं रोजच्या रोज चालेल आणि यापुढं तारीख कोणालाच मिळणार नाही.

जिन्यात फातुंडेनं तिला गाठलं. “आमच्याकडे ये. अशा माणसांना आम्ही वाया घालवत नाही.”

“आणि कापडगल्ली?”

“ती अर्थातच तुझी राहणार नाही.”

“मग नको.” इतकंच बोलून ती पायऱ्या उतरली.

चीफ मर्तिकाहून परत आले ते बैलाची तंगडी घेऊन आणि फुगून. तिथं मांडवातच त्यांना फोन आले होते आणि “तुमच्या ऑफिसनं लागोसला धूळ चारली” म्हणून लोकांनी हात मिळवले होते. त्यांनी ते अभिनंदन बसल्या जागी पोटात टाकलं. ऑफिसात येऊन डबा उघडला, मला हुंगलं आणि ओरडले, “माझा विग कोणाला विचारून घातलास?”

“सर, तारीख मिळत नव्हती.”

“मग केस पडू द्यायची. वरच्या कोर्टात मी बघितलं असतं. ज्येष्ठांची काही अदब?”

सोमकेने शांत होती. “सर, खाली पाटीवर माझं नाव लावा. तुमच्या खाली, बारीक अक्षरात. बाकी काही मागत नाही.”

“पाटीवर? ह्यूस्टनला आहे त्या माझ्या मुलाचं नाव नाही अजून तिथं.”

“तो दंतवैद्य आहे, सर.”

चीफनी टेबलावर हात आपटला. तिनं मला पुसलं, डब्यात ठेवलं, बॅग त्यांच्या खुर्चीशी ठेवली आणि गेली. आठवड्यानं बातमी आली की न्ने ओयिरीनं आपल्या दुकानात दोन गठ्ठे हलवून सोमकेनेसाठी एक टेबल टाकलंय, आणि गल्लीनं वकील बदललाय. चीफनी बंधुभावावर आणखी एक भाषण दिलं. ऐकायला मी होतो.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल, मी कुठून बोलतोय ते बघून. टोळांना शिव्या घालून दोन मोसम उलटले नाहीत तोच चीफनी त्यांच्याशी हात मिळवला. काचेच्या इमारतीवर आता लागोसच्या नावाखाली इलोन्झे हे नाव आहे, बारीक अक्षरात. त्यांना एक खोली आहे, फोटो आहे, काम नाही. दुपारी ते माझ्यासमोरच्या सोफ्यावर घोरतात. जी जागा पोरीला दिली नाही, तीच स्वतः मागून घेतली.

निकाल लागला त्या दिवशी फातुंडे आत आला आणि त्यानं आपला पांढरा विग सोफ्यावर फेकला, चीफच्या मांडीवर. चीफ दचकून जागे झाले. “काय झालं?”

“गल्ली राहिली. शेवटी आम्हीच तारीख मागितली होती, चीफ. तिनं हरकत घेतली.”

चीफनी मांडीवरचा विग उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाले, “माझ्याच हाताखालची आहे ती.”

मला काच फोडता आली असती तर तेव्हाच फोडली असती.

काल सोमकेने निकालाची प्रत द्यायला आली होती. गळ्यात पट्टा अडकवून घेतला, उभी राहिली. हातात तिचा स्वतःचा विग होता. त्यावर बाजाराची लाल धूळ, एका बाजूला पाम तेलाचा डाग, आणि कडा पिवळ्या पडायला लागलेल्या. कोणी बुडवला नव्हता त्याला. रिसेप्शनवरच्या मुलीनं तिलाही ते घामाचं सांगितलं. सोमकेने पेटीजवळ वाकली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “ह्यात थोडा माझाही आहे.”

मुलीला काही कळलं नाही. सोमकेने गेली.

तुम्ही कधी या इमारतीत आलात तर एवढं करा. ती मुलगी सांगायला लागली की तिला थांबवा. म्हणा, हा रंग चहाचा आहे. पण कपाळाजवळ, डाव्या भुवईवर येतो तिथं, एक गडद पट्टा आहे. तो तेवढा खरा आहे.