सातवं टेबल

प्रणितानं उजेड मोजायचं मीटर पुन्हा एकदा सातव्या टेबलावर ठेवलं. तीनशे दहा.

"अजिनाथ, वरचा दिवा नीट बसवलाय ना?"

"दोनदा बदलला, ताई. मीटर बी दुसरं आनलं. आता काय टेबलच बदलायचं व्हय?"

बाकीच्या तेवीस टेबलांवर पाचशे लक्स उजेड पडत होता, अगदी तिच्या प्रकाशयोजनेच्या सॉफ्टवेअरनं सांगितला तेवढा. जामखेडच्या या जुन्या शाळेत उद्या अभ्यासिका सुरू होणार होती, आणि तीही तिच्या वडिलांच्या नावानं. नृसिंह सरांनी याच वर्गात तीस वर्षं शिकवलं; त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांच्याच वर्गात एखाद्या पोरानं अंधारात डोळे फोडावेत, हे तिला मुळीच चालणार नव्हतं. पाचशे भरल्याशिवाय ती सही करणार नव्हती.

अजिनाथ चहा आणायला गेला. बाहेरचा उजेड येऊ नये म्हणून खिडक्यांवर काळे पडदे होते. तिनं लॅपटॉप उघडून भिंतींचा रंग, छताची उंची, सगळं पुन्हा तपासलं. कुठंच चूक नाही! शेवटी वैतागून तिनं सॉफ्टवेअरमधला एक तयार माणूस उचलला आणि स्क्रीनवरच्या सातव्या टेबलामागं उभा केला. सावली पडली. दोनशे साठ.

तिनं त्याची उंची कमी करून पाच फूट तीन इंच केली. तीनशे पन्नास. मग त्याला कमरेत जरासा वाकवला, वहीत डोकावल्यासारखा.

तीनशे दहा.

ही उंची, हे वाकणं तिला कुणी सांगायला नको होतं. लहानपणी रोज संध्याकाळी हीच सावली तिच्या वहीवर पडायची. ती करवादायची, आणि बाबा निमूट बाजूला व्हायचे.

ती टेबलाशी गेली.

"बाबा, सरका ना. उजेड अडतोय."

मीटरवरचा आकडा हलला. चारशे. साडेचारशे. पाचशे.

"आरं तिच्या! झालं की!" चहा घेऊन आलेला अजिनाथ दारातूनच ओरडला. "काय केलं वो, ताई?"

तिनं रिपोर्टवर पाचशे लिहिलं, सही केली. अजिनाथ शिडी आवरायला बाहेर गेला, तशी ती खुर्ची ओढून सातव्या टेबलाशी बसली. कोरा कागद पुढ्यात घेतला, शेजारी मीटर ठेवलं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "एकदा बघता का?"

चहा गार झाला, साय धरली. आकडा काही खाली उतरला नाही; पाचशेच होता.